पास मिळेल का?

परवा संध्याकाळी नातू आला तो दारातूनच ओरडत. "आजी, येत्या शनिवारी आमचा गिग आहे!"

"गिग म्हणजे काय रे बाबा?"

"अगं, कार्यक्रम. लाइव्ह. आमच्या बँडचा."

बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते लाल कोट घालून वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवणारे लोक. याच्या बँडमध्ये चारच मुलं. एक गिटारवाला, एक कीबोर्डवाला, एक जण काहोन नावाच्या लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं वाजवतो, आणि आमचे चिरंजीव गातात. कार्यक्रम सिडकोतल्या एका कॅफेच्या अंगणात. ओळखीची हिंदी गाणी बरीच, पण दोन गाणी यांनी स्वतः रचलेली, तीही मराठीत. तिकीट २०० रुपये.

आता यावर मी काय म्हणावं? चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने "गाणी दाखव बघू" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "आम्हाला पास मिळतील ना रे?"

तो हसला, पण थोडंसं उशिराच. मग त्याने मोबाइल पुढे केला. घरच्या ग्रुपवर त्याने कार्यक्रमाचं चित्र टाकलं होतं. खाली अभिनंदनाची रांग, आणि प्रत्येक अभिनंदनाच्या शेपटाला तोच प्रश्न. "आमचे दोन ठेव." "चार पास मिळतील का?" मोजले तर पंचवीस पास होत होते. मी सव्विसावी.

रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेतली आणि त्याला हिशेब सांगायला लावला. (वाचकहो, मास्तरकीची सवय जात नाही.) अंगणात माणसं मावतात सत्तर. सगळी तिकिटं खपली तर १४,००० रुपये. साउंड सिस्टीम आणि ती चालवणारा माणूस यांचे ६,०००. तालमीच्या खोलीचं भाडं आणि टेम्पो मिळून २,४००. कॅफेवाला भला, तो चहा-कॉफीवरच भागवतो. उरले ५,६००, म्हणजे डोई १,४००. दोन महिन्यांच्या तालमीचे! आता यातून पंचवीस पास वजा करा. जमा ९,०००, खर्च तेवढाच, उरले ६००. डोई १५०. म्हणजे परके लोक पैसे देऊन त्या मुलांचं गाणं ऐकणार, आणि आम्ही सख्खे, कौतुक करणारे, त्यांच्या ताटातलं उचलणार. हिशेब बघून मी गप्पच बसले.

मंडळी, हा आपल्या गावाचाच स्वभाव झालाय असं मला वाटतं. औरंगाबाद म्हणा की २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर म्हणा, त्यात फरक पडलेला नाही. बाहेरून मोठा गायक आला की आपण हजाराचं तिकीट काढतो आणि त्याचा फोटोही टाकतो. गावातल्या माणसाने गायचं म्हटलं की ते फुकटच असणार, असं आपण धरून चालतो. कितीतरी समारंभांत मी पाहिलंय, स्थानिक मुलांना सुरुवातीला बसवतात, प्रमुख पाहुणे येईपर्यंत. पाहुणे आले की गाणं मध्येच थांबवायचं. मग सत्कार, भाषणं, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम असल्याने राहिलेली गाणी राहूनच जातात. हातात पडतो तो नारळ आणि शाल. शालीने साउंडवाल्याचं बिल भागत नाही.

आणि हे होतंय ते कुठे? गावापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथे यादवांच्या राज्यात शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे पंडित त्या ग्रंथाला मानतात. त्यात गायक-वादकांच्या वृंदाचं मापसुद्धा दिलंय. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले, म्हणजे एकूण बत्तीस माणसं! मध्यम वृंद त्याच्या निम्मा. मी नातवाला म्हटलं, "तुमचा बँड शार्ङ्गदेवांच्या कुठल्याच मापात बसत नाही." तर म्हणतो, "आजी, बत्तीस जणांचं मानधन कोण द्यायचं?" खरंच, तेव्हा ते राजा देत असणार. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण राजाच्या दरबारी हिशेबखात्यावर होते. पोटाची सोय होती म्हणून एवढा ग्रंथ झाला. हे मला वर्गात शिकवताना कधी सुचलं नव्हतं.

आता राजा नाही. सरकारचा वेरूळ-अजिंठा महोत्सव काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत सोनेरी महालात झाला तेव्हा आनंद वाटला, पण तो तीन दिवसांचा. महागामी गुरुकुलात शार्ङ्गदेवांच्या नावाचा समारोह जानेवारीत होत आलाय, तिथे जाणकार जातात. पण वर्षाचे बाकीचे दिवस गाणं जगवायचं कोणी? ऐकणाऱ्यांनीच ना?

आणि ऐकणारे ते करतात. फक्त आपण पांढरपेशे करत नाही. खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकणारा साधा माणूस उठून कव्वालापुढे नोट ठेवतो. गायन पार्टीच्या कार्यक्रमात तर हे ठरलेलंच. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: पेटी, ढोलकी, तबला, बेंजो, मागे कोरस, आणि रात्रभर भीमगीतं. वामनदादा कर्डक याच वाटेवरचे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकलेले, आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिलेले. त्यांचं गाणं कुठल्या अकादमीने नाही, समोर बसलेल्या माणसांनी सांभाळलं.

आता जी गोष्ट सांगायची होती ती सांगते. सांगायला थोडं जड जातंय.

ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण डिसेंबर-जानेवारीत आणि एप्रिलमध्ये हमखास तासाला झोपायचा. मी त्याला कितीदा बाकावर उभं केलंय. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "रात्री काय चोऱ्या करतोस का रे?" मुलं हसली. तोही हसला. मी त्याला नीट, खाली बसवून, असं कधी विचारलंच नाही.

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटपाशी माणसांचा सागर लोटतो. पुस्तकांचे स्टॉल असतात, ठिकठिकाणी गाणी चालतात. निवृत्त झाल्यावर एका वर्षी मी पुस्तकं बघायला म्हणून गेले होते. एका छोट्या स्टेजवर एक माणूस ढोलकी वाजवता वाजवता गात होता. दाढीत पांढरे केस आले होते, पण ओळखला मी. माझ्या पुढे विटक्या लुगड्यातली एक म्हातारी होती. तिने कनवटीची दहाची नोट काढली आणि स्टेजवर नेऊन दिली. याने गाणं थांबवून तिचं नाव आणि गाव माइकवरून सांगितलं, "सप्रेम जयभीम" म्हटलं आणि पुढचं कडवं उचललं. त्या नावाने ती केवढी ताठ झाली म्हणून सांगू!

गाणं संपल्यावर तो खाली आला. "बाई!" म्हणून पाया पडला. म्हणाला, वडिलांची पार्टी होती, सातवीपासून ढोलकीला तोच बसायचा, कार्यक्रम संपायला पहाट व्हायची, आणि पहाटे घरी आल्यावर तोंड धुऊन तो शाळेला यायचा. तक्रारीच्या सुरात नाही, आठवण म्हणून सांगितलं त्याने. मला काय बोलावं ते सुचेना. "छान गातोस हो," एवढंच म्हणाले, पाठीवर हात ठेवला आणि पुस्तकांच्या पिशव्या घेऊन रिक्षात बसले.

पर्समध्ये पैसे होते. मी तेव्हा मनाशी म्हटलं, विद्यार्थ्याला पैसे काय द्यायचे, त्याचा अपमान होईल. पण त्या म्हातारीच्या दहा रुपयांनी त्याचा अपमान झाला नव्हता. खरं कारण हे, की तसं वर जाऊन देण्याची मला सवय नव्हती, आणि लाजही वाटली. पेन्शन माझी होती, आणि दिले तिने.

म्हणून वाटतं, गाण्याला पैसे देणं म्हणजे त्याची किंमत करणं, ही आपली समजूत सोडून द्यावी. रियाझाला वेळ लागतो आणि वेळेला भाकरी लागते. ज्याला खरंच परवडत नाही त्याने मागे उभं राहून ऐकावं, त्याला कोणी उठवू नये. पण ज्याला परवडतं त्याने पास मागू नये. कलेवर प्रेम आहे हे सांगायला आपल्याकडे शब्द पुष्कळ असतात, मी तर जन्मभर शब्दांचाच धंदा केला.

असो. शनिवारची माझी तीन तिकिटं काढली. एक माझं, एक ह्यांचं, आणि एक शेजारच्या वहिनींचं, त्यांना गिग म्हणजे काय ते बघायचंय. नातू पैसे घेईना, तेव्हा डोळे वटारावे लागले. बँडचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर आजीने जाहिरात केली म्हणाल.

आणि १४ तारखेला गेटवर जाणार आहे. तो भेटेल की नाही कोण जाणे, इतक्या गर्दीत. पण तिथे कोणी ना कोणी गात असेलच. सुट्या नोटा आत्तापासून वेगळ्या काढून ठेवल्यात.

ताई, तू आणि भाऊजी पुण्याहून येताय ते वाचलं. फार बरं वाटलं. तुमचेही दोन ठेवायला सांगितलेत. चारशे रुपये होतात.