गोंदण आणि क्रूस

कुणकेश्वरच्या जत्रेत गोंदणारे बसतात, हे आपल्या कॉलेजातील कोणाला सांगायला नको. पूर्वी सुयांची जुडी आणि काजळी घेऊन बसणाऱ्या बायका असत. आता बॅटरीवर चालणारे यंत्र असते आणि शेजारी नक्षीचा फलक. बदाम, विंचू, ॐ, त्रिशूळ, आईचे नाव आणि एका कोपऱ्यात क्रूससुद्धा. २०१९ सालच्या महाशिवरात्रीला, म्हणजे ४ मार्चला, माझ्या थोरल्या भावाने त्या फलकावरचा क्रूस उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदवून घेतला. आम्ही ख्रिस्ती, पण कुणकेश्वरची जत्रा ही देवगडात सगळ्यांचीच असते. दादा ट्रॉलरवर खलाशी होता आणि त्याचे सगळे सोबती जत्रेला निघाले होते.

घरी आल्यावर आजीने तो हात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. ती एवढेच म्हणाली, "देवान दिल्लां आंग ता. तेच्यार लिवक तुका कोणी सांगल्यान?" दादा हसला. म्हणाला, "आजी, क्रूसच आसा मगो." पण आजीला ते पटले नाही. तिच्या मते गोंदणे हेच मुळी आपल्या धर्मात बसत नव्हते. मग क्रूस असो नाहीतर विंचू.

गंमत अशी की, दोनच दिवसांनी, ६ मार्चला, राखेचा बुधवार होता. त्या दिवशी फादरांनी आम्हा सर्वांच्या कपाळावर राखेने क्रूस काढला आणि आजी तो क्रूस कपाळावर घेऊन दिवसभर वावरली. मी तेव्हा नववीत होतो. एक क्रूस पवित्र आणि दुसरा पाप, असे का, हा प्रश्न मला तेव्हा पडला तो आजतागायत सुटलेला नाही. त्याच प्रश्नाचा या लेखात मी माझ्यापुरता निकाल लावू पाहतो आहे. वाचकांपैकी बहुतेकजण ख्रिस्ती नाहीत याची मला जाणीव आहे; पण 'धर्माने मना केले आहे' हे वाक्य प्रत्येकाच्याच घरात ऐकू येते, आणि ते तपासून कसे पाहावे, हा प्रश्न सर्वांचाच आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या १९ व्या अध्यायातील २८ व्या वचनात मेलेल्यांसाठी अंगावर जखमा करून घेण्यास आणि अंगावर खुणा गोंदण्यास मनाई केली आहे. गोंदण्याविरुद्ध बोलणारे सगळेजण याच वचनाकडे बोट दाखवितात. येथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे, तो सबंध शास्त्रात एवढ्या एकाच ठिकाणी येतो आणि त्याच्या नेमक्या अर्थाबद्दल पंडितांत मतभेद आहेत. पण तो वाद बाजूला ठेवू आणि मनाई गोंदण्यालाच आहे असे धरून चालू.

मग त्याच पुस्तकाचा ११ वा अध्यायही उघडायला हवा. पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले नाहीत तो खाऊ नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कुर्ल्या गेल्या, कोळंबी गेली, तिसऱ्या गेल्या, कालवे गेली! देवगडच्या ख्रिस्ती माणसाने खावे तरी काय? १९ व्या अध्यायातच, गोंदणाच्या आधी, दोन जातींच्या धाग्यांचे कापड वापरू नये आणि दाढीची टोके कापू नयेत, असेही आहे. माझ्या आजीच्या हातच्या कुर्ल्यांचे सार ज्यांनी चाखले आहे त्यांना मी विचारतो: हे एक वचन पाळायचे आणि त्याच्या मागचेपुढचे सोडायचे, हा कोणता न्याय?

याचे उत्तर ख्रिस्ती धर्माने अगदी आरंभीच दिले आहे. ख्रिस्तानंतर वीसएक वर्षांनी जेरुसलेममध्ये प्रेषितांची सभा भरली. यहुदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे येत होते. त्यांनी सुंता करून घ्यावी काय आणि मोशेचे सर्व नियम पाळावे काय, असा वाद होता. ते ओझे त्यांच्यावर लादू नये, असा निर्णय झाला. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले जनावर आणि व्यभिचार एवढ्यांपासूनच दूर राहावे, असे कळविण्यात आले. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात ही हकीगत आहे. त्या यादीत गोंदण नाही.

इतिहासही हेच सांगतो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या उजव्या मनगटावर लहानसा क्रूस गोंदवितात. इथिओपिया आणि एरिट्रियातील बायकांच्या कपाळावर तो दिसतो. जेरुसलेममध्ये रझ्झूक नावाचे घराणे आहे. कोरलेल्या लाकडी ठशांवरून नक्षी उतरवून ते यात्रेकरूंच्या हातावर गोंदण काढीत आले आहे. बोस्नियातील कॅथलिक बायका तुर्की अमलात हातावर क्रूस गोंदवीत. रोमन कॅथलिक चर्चच्या कायद्यात गोंदण्यास बंदी करणारे कलम नाही. आणि मार्च २०१८ मध्ये रोम येथे तरुणांशी बोलताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी, गोंदणाला भिऊ नका, असेच सांगितले होते. मात्र अतिरेक नको, हेही बजावले होते. काही प्रॉटेस्टंट पंथांतील पाळक अजूनही सक्त मनाई करतात, हे खरे. पण ती सर्व ख्रिस्ती धर्माची मनाई नव्हे.

मग आमच्या किनाऱ्यावरच्या आज्यांच्या मनात ही भीती कोठून आली? मला वाटते, तिचे मूळ बायबलात कमी आणि गोव्यात अधिक आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडील पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गोव्याहून आलेले. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडल्यास, इन्क्विझिशन होते. १७३६ च्या फर्मानाने घराजवळ तुळस लावणे, मिठाशिवाय भात शिजविणे, एकादशी करणे असल्या गोष्टींवरदेखील बंदी घातली. बाहेरच्या लहानशा खुणेवरून माणसाचा धर्म ओळखला जावा आणि त्यासाठी त्याला जाब द्यावा लागावा, असा तो काळ होता. आपल्याकडच्या गोंदणात तर तुळस असते, कपाळावरची टिकली असते. अशा लोकांच्या वंशजांना गोंदणाची धास्ती वाटली तर नवल नाही. आजीच्या रागाला मी म्हणूनच अडाणीपणा म्हणत नाही. तो जुन्या भीतीचा वारसा आहे. फक्त त्याला शास्त्राचे नाव मिळाले आहे.

'शरीर हे देवाचे मंदिर आहे, ते विद्रूप करू नये' असाही एक आक्षेप घेतात. हे वचन पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आहे खरे. पण तेथे विषय व्यभिचाराचा आहे, गोंदणाचा नव्हे. आणि अंगाला सुई टोचणे हेच पाप असेल, तर आमच्या तान्ह्या मुलींचे कान टोचताना कोणीच कसे हरकत घेत नाही? आजीचे स्वतःचे कान टोचलेले आहेत! मात्र या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. मंदिर स्वच्छ ठेवावे लागते. जत्रेत एकाच सुईने दहाजणांना गोंदतात. त्यातून कावीळ आणि एड्स यांसारखे रोग पसरू शकतात. नवी सुई आपल्यासमोर फोडून घेणे हासुद्धा धर्मच आहे.

इथपर्यंत सारे सोपे होते. वकिली करावी तसा मी मुद्दे मांडले आणि दादाचा खटला जिंकला. पण मला जे खरोखर सांगायचे आहे ते पुढेच आहे.

त्याच वर्षी, मासेमारीची बंदी उठल्यानंतर, ऑगस्ट महिन्यात दादा समुद्रात पडला. समुद्र खवळलेला होता. सोबत्यांनी शोधले, पण सापडला नाही. चौथ्या दिवशी दक्षिणेला आचऱ्याच्या बाजूस एक प्रेत लागले. चार दिवस खाऱ्या पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, हे येथील मुलांना मी काय सांगू! बाबांनी उजवा हात पालथा-उलथा करून पाहिला आणि मान हलविली. त्या क्रूसामुळे आमचा दादा आमच्या दफनभूमीत आहे. नाहीतर बेवारस म्हणून कोठे गेला असता कोण जाणे. त्या दिवसापासून आजी गोंदणाविरुद्ध एक शब्द बोललेली नाही.

गेल्या वर्षी मी घरात सांगितले की, मला दादाचे नाव हातावर गोंदवून घ्यायचे आहे. आजी रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "तेचां नाव देवाकडे लिवलेलां आसा. तुझ्या हातार लिवन काय होतलां?"

मी लेवीयचे ते वचन पुन्हा काढले, आणि ज्या शब्दांवरून मी इतके दिवस घाईने पुढे जात होतो तेथे अडखळलो: मेलेल्यांसाठी. त्या काळी आजूबाजूचे लोक आप्त मेला की अंगावर वार करून घेत. आता काही उरले नाही, या भावनेने ते आपला शोक शरीरावर कोरीत. नियम सुटला तरी त्यामागचा विचार सुटतो काय? पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिले आहे की, मेलेल्यांसाठी शोक करा, पण ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा करू नका. दादाचे नाव मला हातावर हवे होते ते कशासाठी? आठवणीसाठी, असे मी म्हणत होतो. खरे सांगायचे तर, ते आपण विसरू या भीतीने. दादा माझ्या कातडीवर टिकेल तेवढाच टिकेल, असा माझा हिशेब होता. आजीचा हिशेब वेगळा होता आणि तो अधिक ख्रिस्ती होता, हे मला कबूल केले पाहिजे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव आपल्या लोकांना स्वतःच्या तळहातावर कोरून ठेवतो, असे म्हटले आहे. मग नाव लिहिण्याचे काम ज्याचे आहे त्याला करू द्यावे.

तेव्हा माझे मत असे. ख्रिस्ती श्रद्धा गोंदण्यास मना करीत नाही. बाप्तिस्म्याने आत्म्यावर कधीही न पुसणारी खूण उमटते असे आमचे चर्च शिकविते. ती खूण खरी, बाकीच्या तिच्या मागून आल्या. गोंदणारा आपल्याला नक्षी कोणती असे विचारतो. श्रद्धा मात्र विचारते, हे कोणासाठी? हौसेसाठी असेल तर देव काही एवढ्यावरून रागावणार नाही. तो त्याचा आहे हे सांगण्यासाठी असेल तर उत्तमच. पण निराशेची सही म्हणून असेल, तर सुई टेकविण्याआधी थांबावे.

आणखी एक अट मी स्वतःला घालून घेतली आहे. सगळ्याची मोकळीक आहे, पण सगळेच हिताचे असते असे नाही, हेही पौलच सांगतो. दुसऱ्याच्या मनाला ठेच लावून आपली मोकळीक मिरवू नये. म्हणून मी गोंदवून घेईन ते नाव नव्हे, क्रूस. आणि तोही आजीच्या संमतीनेच.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दादाच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. परतताना आजीने अचानक विचारले, "खूप दुखता काय रे गोंदताना?" मी म्हटले, "दादा म्हणालेलो, थोडां दुखता." त्यावर ती काही बोलली नाही. घर येईपर्यंत माझे मनगट धरून चालत राहिली.

— तृतीय वर्ष, कला