मुलाचं व्याज दिसतं, मुलाची भूक दिसत नाही



आपल्या समाजात घटस्फोट होत नाहीत, असं म्हणायचे दिवस गेले. पैठणातही होतात. त्यावर कुजबुज भरपूर चालते. पण मूल आईकडे राहिलं की आयकर तिच्याशी कसा वागतो, यावर कोणी बोलत नाही. म्हणून आज हा विषय.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४(१अ) आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर उत्पन्न असेल, तर आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात ते मिळवायचं. आणि लग्नच मोडलं असेल तर? मग त्या वर्षी मुलाला जो सांभाळतो, त्याच्या उत्पन्नात. अपंग मुलाचं उत्पन्न आणि मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने मिळवलेले पैसे यातून वगळले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, ही रीत तशीच राहिली.

आता हिशोब मांडू. आजोबांनी नातवाच्या नावावर ३ लाखांची ठेव ठेवली. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २१,००० रुपये. नोकरी करणारी आई जुन्या करपद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर मुलामागची १,५०० रुपयांची सूट वजा जाता १९,५०० तिच्या उत्पन्नात येतात. कर ३,९०० आणि उपकर १५६, म्हणजे ४,०५६ रुपये. ही १,५०० ची सूट १९९२ च्या वित्त कायद्याने आली. नव्या करपद्धतीत तर तीही नाही.

हे झालं घेण्याचं. देण्याकडे या. जुन्या पद्धतीत दोन मुलांपर्यंतची शाळेची ट्यूशन फी वजावटीत बसते. पण दीड लाखाच्या त्याच मर्यादेत भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचा हप्ताही कोंबायचा. शाळेची बस, गणवेश, क्लास, दूध, ताप आल्यावरची धावपळ, यांना जागा नाही. नव्या पद्धतीत, जी २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही तर आपोआप लागू होते, फीलाही वजावट नाही.

म्हणजे मुलाचं उत्पन्न आईचं, आणि मुलाचा खर्चही आईचाच. फक्त पहिलं सरकारच्या वहीत चढतं, दुसरं चढत नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं की जमेची बाजू लिहिली तर नावेची बाजूही लिहावी लागते.

यावर तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, ‘सवलत द्यायची कोणाला, आईला की बापाला, हे ठरवणार कोण?’ अहो, ठरवलेलं आहे! कर गोळा करताना ‘जो सांभाळतो तो’ ही व्याख्या खात्याला बिनचूक सापडते. तीच सवलतीला लावा. अमेरिकेत मूल वर्षातल्या जास्त रात्री ज्याच्याकडे राहतं, साधारणपणे त्याला मुलाची करसवलत मिळते. ती दुसऱ्या पालकाला द्यायची असेल तर ८३३२ क्रमांकाच्या फॉर्मवर सही करून देता येते. इतकं सोपं आहे.

दुसरं, ‘आता १२ लाखांपर्यंत कर नाही, मग तक्रार कसली?’ ती सूट एकट्या माणसाला आणि दोन मुलं वाढवणाऱ्या बाईला सारखीच आहे. त्यात मूल कुठे दिसलं?

तिसरं, आपल्याच ज्येष्ठांचं: ‘अशा सवलतींनी घरं मोडतील.’ काही हजारांच्या वजावटीसाठी कोणी घर मोडत नाही. मोडलेल्या घरातलं मूल मात्र रोज दोन वेळा जेवतं.

मुनिसुव्रतनाथांच्या दारी आपण चार दानं ऐकत आलो: आहार, औषध, शास्त्र, अभय. ट्रस्टला दिलेल्या देणगीवर जुन्या पद्धतीत वजावट मिळते, आणि ती मिळावीच. स्वतःच्या मुलाला वाढवणं हे दान नव्हे, कर्तव्य आहे, हेही मान्य. पण १९५६ चा दत्तक व पोटगी कायदा, जो आपल्या जैनांनाही लागू आहे, हे कर्तव्य आई आणि बाप दोघांवर टाकतो. दोघांचं ओझं एकीने उचललं, तर कायद्याने तिला निदान बघावं तरी.

माझी मागणी एका ओळीची आहे: दोन्ही करपद्धतींत, प्रत्येक अज्ञान मुलामागे, त्याला सांभाळणाऱ्या पालकाला ठरावीक वजावट. बाप सांभाळत असेल तर बापाला.

तोवर एक करा. संमतीने घटस्फोट होत असेल तर करारात ‘फी कोण भरणार’ एवढ्यावर थांबू नका. फी कोणाच्या खात्यातून जाणार, मुलाच्या नावाची ठेव कोण सांभाळणार आणि तिच्या व्याजावरचा कर कोण सोसणार, हेही लिहून घ्या. वकील विसरतात. आईने विसरू नये.