चेहऱ्यांमागचे पाच गळे

बॅकस्ट्रीट बॉइज या अमेरिकी पॉप गायकवृंदावर गेली तीस वर्षे तेच ते आरोप होत आले आहेत. ही मुले स्वतः वाद्ये वाजवत नाहीत. गाजलेली गाणी दुसऱ्यांनी लिहून, चाल लावून दिलेली. एका धंदेवाईक माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांना गोळा केले. आणि ऐकणार कोण, तर शाळकरी मुली. गंमत अशी की यातले प्रत्येक विधान थोड्याफार फरकाने खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे या पाच जणांना गाण्यातले काही कळत नाही हा, तेवढा खोटा.

चाहत्यांचे उत्तरही ठरलेले असते. मे १९९९मध्ये आलेल्या ‘मिलेनियम’ या अल्बमच्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ११ लाखांहून अधिक प्रती खपल्या, हा आकडा ते तोंडावर फेकतात. मग ग्रॅमीची नामांकने, मग यूट्यूबवरचे आकडे. ही वकिली लंगडी आहे. खपाने लोकप्रियता सिद्ध होते, गळा नव्हे. नामांकनांचेही तसेच: २०००च्या ग्रॅमीत महत्त्वाच्या विभागांत या मंडळींची नावे होती, पण बक्षिसे कार्लोस सँटाना घेऊन गेला. चाहत्यांची बाजू मुळात भक्कम आहे. ती मांडताना पुरावा तेवढा चुकीचा दिला जातो.

आधी ‘जमवलेला बँड’ हा मुद्दा. १९९२ साली फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात लू पर्लमन नावाच्या व्यावसायिकाने जाहिरात दिली. विमाने भाड्याने देण्याच्या धंद्यात ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ या तेव्हाच्या तरुण गायकवृंदाची कमाई पाहून त्याचे डोळे चमकले होते. निवडचाचण्यांतून ए. जे. मॅक्लेन, हॉवी डोरो आणि निक कार्टर आले. केविन रिचर्डसन डिस्ने वर्ल्डमध्ये नोकरी करत होता, तोही येऊन मिळाला. पाचवा ब्रायन लिट्रेल हा केविनचा केंटकीतला नात्यातला भाऊ, लहानपणापासून बॅप्टिस्ट चर्चमध्ये गाणारा. एप्रिल १९९३मध्ये केविनने त्याला फोन करून बोलावून घेतले आणि संच पुरा झाला. निक तेव्हा तेरा वर्षांचा होता.

म्हणजे जमवले हे खरे, पण आवाज पारखून जमवले. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्या तरी याहून वेगळे काय करत होत्या? बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले ते गळ्यासाठी आणि रूपासाठी, दोन्हींसाठी. ‘मानापमान’चा शब्द खाडिलकरांचा, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. प्रेक्षक त्यांच्या रूपावर लुब्ध होते आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू पाहत होत्या. म्हणून कोणी त्यांना ‘नुसता चेहरा’ म्हटले नाही. फ्लोरिडाच्या पोरांना बालगंधर्वांच्या शेजारी बसवण्याचा इथे बेत नाही. तशी कोणाची छातीही होऊ नये. कसोटी मात्र दोघांना एकच लावावी. कवी, संगीतकार आणि गायक ही तीन माणसे असू शकतात, हे मराठी श्रोत्याला कोणी शिकवायला नको. आपले नाट्यसंगीत आणि भावगीत बव्हंशी याच श्रमविभागणीवर उभे आहे.

अमेरिकेतही पूर्वी असेच होते. फ्रँक सिनात्रा किंवा एल्विस प्रेस्ली यांची कीर्ती गाणी लिहिण्यावर उभी नव्हती. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ‘टेम्प्टेशन्स’सारखे वृंद गात, वाजवणारे कसबी वादक वेगळे आणि गाणी रचणारे वेगळे. टेम्प्टेशन्सना ‘माय गर्ल’ हे गाणे स्मोकी रॉबिन्सनने रोनाल्ड व्हाइटबरोबर रचून दिले, म्हणून त्यांची गायकी कमअस्सल ठरली नाही. साठच्या दशकात बॉब डिलन आणि बीटल्स आले, पाठोपाठ रॉकची समीक्षा करणारी नियतकालिके निघाली, आणि ज्याने गाणे लिहिले तोच खरा कलावंत हा दंडक हळूहळू रुजला. त्या काळच्या त्या संगीताला तो शोभत होता. सगळ्या काळांना आणि सगळ्या प्रकारांना तो लावला की गायन हे कौशल्यच हिशेबातून गळून पडते.

आता मूळ प्रश्न: या पाच जणांना नेमके काय येते?

त्यांना एकत्र गाता येते. हे वाचायला साधे वाटेल. पण पाच जण एकच सूर धरून गातात ते समूहगान. त्यात एखादा आवाज डगमगला तरी चार जण सांभाळून घेतात. ‘हार्मनी’त प्रत्येकाचा सूर निराळा. एक जण मुख्य चाल गातो, त्याच क्षणी दुसरा वरच्या गंधारावर, तिसरा पंचमावर, एखादा खाली खर्जाकडे. चाल पुढे सरकली की सगळ्यांना आपापल्या जागेवरून योग्य अंतर राखत सरकायचे असते. शेजारचा कानात वेगळा सूर गात असताना आपला सोडायचा नाही, हे करून पाहावे म्हणजे कळते. शिवाय सूर जुळणे एवढेच पुरत नाही. पाचही जणांचा ‘आ’ सारखाच उघडा हवा, शब्दाचे शेवटचे व्यंजन एकाच क्षणी मिटायला हवे, श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेले हवे, आणि एकाचा कंप दुसऱ्याच्या कंपाशी भांडता कामा नये. हे साधले की पाच आवाजांतून सहावाच एक आवाज निघाल्यासारखा वाटतो.

बॅकस्ट्रीट बॉइजच्या आवाजांची वाटणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. केविनचा आवाज भारदस्त आणि खालचा. इमारतीचा पाया तो. हॉवी वरच्या पट्टीत, बहुतेकदा नाजूक खोट्या आवाजात, जणू छप्पर घालतो. त्याला एकट्याला गायला कमी ओळी मिळतात, म्हणून ज्यांचे लक्ष फक्त पुढे येऊन गाणाऱ्याकडे असते त्यांना तो दिसतच नाही. ए. जे.चा आवाज खरबरीत, ब्रायनचा स्वच्छ आणि भक्तिसंगीतात मुरलेला, निकचा जरा धारदार. पाच इतके निराळे पोत एकमेकांत मिसळणे हे सारखे आवाज मिसळण्यापेक्षा अवघड. त्यांच्यावर प्रभाव ‘बॉइज टू मेन’ या फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वृंदाचा, आणि त्यामागे चर्चमधले गायन आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्याने गायल्या जाणाऱ्या डू-वॉपची मोठी परंपरा. गोऱ्या मुलांनी ती उचलली आणि पैसा त्यांनी अधिक कमावला, ही तक्रार रास्त आहे. ती त्यांच्या गळ्याविरुद्धची तक्रार नव्हे.

आपल्या कानांना ही गोष्ट चटकन जाणवत नाही, त्याला कारण आहे. आपले संगीत एका सुरावलीचे. राग उलगडतो तो एका रेषेत, आणि आपण ऐकतो ती रेषा. म्हणून इंग्रजी गाणे कानावर पडले की आपण मुख्य चाल तेवढी उचलतो, बाकीचे आवाज भरण म्हणून सोडून देतो. गोव्यात हे तितकेसे खरे नाही: तिथे चर्चमधल्या गायनामुळे दोन-तीन आवाजांत गाण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि मांडो हा तिथला गीतप्रकारही दोन आवाजांत गायला जातो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोवेकर संयोजकांनी जे वाद्यवृंदाचे थर रचले, त्यामागे हाच कान होता.

उदाहरण म्हणून त्यांचे सगळ्यांत गाजलेले गाणे घेऊ, ‘आय वाँट इट दॅट वे’. लिहिले मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन या दोघा स्वीडिश माणसांनी. ध्वनिमुद्रण स्टॉकहोमच्या चेइरॉन स्टुडिओत. शब्दांचा अर्थ लावायला जाल तर हाती काही लागत नाही. कडव्यातली इच्छा आणि ध्रुवपदातली इच्छा एकमेकींशी भांडतात. हे तेव्हाही लक्षात आले होते. अर्थ सरळ लागावा म्हणून शब्द बदलून दुसरी आवृत्ती ध्वनिमुद्रित केली गेली, पण गाणाऱ्यांनी कौल दिला तो मूळच्या निरर्थक आवृत्तीला. हा निर्णय आम्हाला त्यांच्या सांगीतिक जाणिवेचा पुरावा वाटतो. अर्थ नीट झाला तेव्हा स्वर बिघडले: लांबवायला सोपे, एकमेकांत मिसळायला सोयीचे उच्चार हरवले. ज्या परंपरेत तराणा मन लावून ऐकला जातो, तिने तरी या पोरांना याबद्दल हसू नये.

गाण्याची बांधणी साधी आहे. सुरुवातीला गिटार आणि ब्रायनचा एकटा आवाज. मग एकेक आवाज पुढे येतो, ध्रुवपदात सगळे एकत्र येतात, आणि शेवटाकडे पट्टी एका पूर्ण स्वराने वर चढते. पट्टी चढवणे ही पॉपमधली जुनीच युक्ती, आणि अनेकदा फसवी, कारण नवे काही सुचत नसले की ती वापरतात. इथे ती शोभते, कारण चढलेल्या पट्टीत ध्रुवपद पुन्हा येते तेव्हा मुख्य चालीवर दुसरा आवाज मोकळा फिरू लागतो आणि तरी खालचे थर हलत नाहीत. मॅक्स मार्टिन नमुना स्वतः गाऊन देतो आणि गायकाकडून तो बारीकसारीक जागांसकट घोटून घेतो, अशी त्याच्या कामाची ख्याती आहे. तेव्हा श्रेयाचा मोठा वाटा त्याचा, यात वाद नाही. पण दिलेली बंदिश बरहुकूम आणि तरीही जिवंत गाणे हे कोणाचे काम?

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. त्यांच्या प्रत्येक अल्बममध्ये निम्मी गाणी भरतीची असतात. चाहत्यांनाही ती आठवत नाहीत. नाचाच्या गाण्यांत तालाची धडधड इतकी मोठी की आवाजांची वीण ऐकूच येत नाही. पर्लमनने तर या मुलांना लुबाडले: करारानुसार तो स्वतःलाच वृंदाचा सहावा सदस्य म्हणून हिस्सा घेत होता. १९९८ साली मुलांनी त्याच्यावर दावा लावला. पुढे २००८ साली वेगळ्याच, कोट्यवधी डॉलरच्या गुंतवणूक घोटाळ्यात त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ साली तो तुरुंगातच वारला. या धंद्याचे हे रूप झाकण्याचे कारण नाही. मात्र मालक लबाड होता म्हणून गायक बेसूर ठरत नाहीत. पॉपमध्ये फसवणूक कशाला म्हणतात ते १९९० साली दिसले. ‘मिली व्हॅनिली’ या जोडीने स्वतःच्या अल्बमवर गायिलेच नव्हते हे उघड झाले आणि त्यांचे ग्रॅमी परत घेण्यात आले. (पडद्यावर ओठ हलवणाऱ्यांना डोक्यावर घेणाऱ्या देशाला त्यात एवढे धक्कादायक काय ते कळायला वेळ लागतो, हे खरे.) बॅकस्ट्रीट बॉइजवर तो आरोप टिकत नाही. २०१९च्या ‘डीएनए’ अल्बममधले ‘ब्रीद’ हे गाणे त्यांनी वाद्यांची साथ न घेता नुसत्या आवाजांवर पेलले आहे. ज्याला शंका आहे त्याने ते ऐकावे.

मग एवढा तिटकारा का? आमच्या मते त्याचे कारण संगीतात कमी आणि श्रोत्यांत अधिक आहे. मुलींना जे आवडते ते उथळच असणार, हा ग्रह जुना आहे. डिसेंबर १९६३मध्ये ‘द टाइम्स’चा संगीत समीक्षक विल्यम मान याने बीटल्सच्या स्वररचनेची गंभीर चिकित्सा केली, दोनच महिन्यांनी पॉल जॉन्सनने ‘न्यू स्टेट्समन’मध्ये त्याच बीटल्सच्या किंचाळणाऱ्या मुलींवर तुच्छतेने कोरडे ओढले. बँड तोच. एकाने गाणे ऐकले, दुसऱ्याने गर्दी पाहिली. पुढे पुरुष समीक्षकांनी बीटल्सना आपलेसे केले तेव्हा त्या पहिल्या मुलींचा कान बरोबर होता, हे सांगायला फारसे कोणी थांबले नाही. क्रिकेटच्या मैदानावर गळा फाटेस्तोवर ओरडणाऱ्या मुलग्यांना खेळ कळत नाही, असे आपण म्हणत नाही.

चेहऱ्यावर चालणारा धंदा वयाबरोबर संपतो. हा वृंद तसा संपलेला नाही. २००६ साली केविन बाहेर पडला, तेव्हा उरलेल्या चौघांनी त्याची जागा बाहेरच्या माणसाने भरली नाही. २०१२ साली तो परत आला. ब्रायनला स्नायूंच्या ताणामुळे आवाज फुटण्याचा विकार जडला. २०१५ साली आलेल्या माहितीपटात त्याचा तो झगडा उघडपणे दाखवला आहे आणि त्यावरून सहकाऱ्यांशी झालेली बाचाबाचीही. गळ्याचे मोल ज्यांना नाही, ते गळ्यावरून असे भांडत नाहीत. मे २०२३मध्ये हे पाचही जण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात गाऊन गेले, आणि २०२५च्या जुलैपासून लास वेगासच्या ‘स्फिअर’मध्ये त्यांनी ‘मिलेनियम’ची गाणी पुन्हा गायिली. तेव्हा निक पंचेचाळिशीचा होता आणि केविन पन्नाशी ओलांडून गेला होता.

चाहत्यांना एकच विनंती: खपाचे आकडे आता गुंडाळून ठेवा आणि नाक मुरडणाऱ्यांना हेडफोन लावून हॉवीचा आवाज शोधायला सांगा. बॅकस्ट्रीट बॉइज हे थोर रचनाकार नाहीत, वादक तर नाहीतच. गायक म्हणून मात्र ते चांगले आहेत, आणि एकत्र गाणारे म्हणून फार चांगले.