‘कंदीसा’ त्यांनी गायले. आपण काय गातो?

आपल्या समाजातील तरुण मंडळी एखाद्या अल्बमचे परीक्षण किती बारकाईने करतात, हे पाहण्यासारखे असते. पहिले गाणे उथळ, दुसऱ्यातील गिटार उत्तम, तिसऱ्याचे शब्द ओढूनताणून बसवलेले, चौथ्यात गायकाचा दम तुटलेला, असा गाण्यागणिक निवाडा ती देतात. वडीलधारी मंडळीही नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या बाबतीत मागे नसतात. मात्र हीच माणसे रविवारी मिस्सेला येतात, तासाभरात सहा-सात गाणी ऐकतात आणि त्यांपैकी एकाविषयीही अवाक्षर काढत नाहीत. करमणुकीसाठी ऐकायच्या गाण्याला कसोटी आणि देवासमोर म्हणायच्या गाण्याला सवलत, असा उफराटा न्याय आपल्याकडे रूढ झाला आहे. या लेखाचा रोख त्या न्यायावर आहे.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एका अल्बमचेच परीक्षण करू. ‘इंडियन ओशन’ हा बँड 1990 साली दिल्लीत स्थापन झाला. सुस्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम आणि अमित किलम या चौघांनी 2000 साली ‘कंदीसा’ हा अल्बम रसिकांपुढे आणला. पुढे 2009 मध्ये असीम चक्रवर्ती निवर्तले आणि 2013 मध्ये सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी हा अल्बम आपल्या घरांत ऐकला जातो आणि त्यावर वादही होतात. एक पक्ष म्हणतो, प्रार्थनेचे स्तोत्र ढोलताशाच्या मंचावर नेऊन या मंडळींनी त्याचे पावित्र्य घालवले. दुसरा पक्ष म्हणतो, गाणे इतके सुंदर आहे की ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तेच वाजवावे. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

‘मा रेवा’ या गाण्यापासून आरंभ करू. रेवा म्हणजे नर्मदा. हे त्या खोऱ्यातील लोकगीत आहे. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरले आणि तेथील लोकांकडून हे गीत त्यांनी उचलले. ही नर्मदा आपल्यालाही परकी नाही. ती नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने वाहते आणि सरदार सरोवराच्या पाण्याची झळ लागलेल्या गावांत महाराष्ट्रातील 33 गावे आहेत. गाण्याचा ठेका उत्साहाचा आहे, पण ज्या नदीची स्तुती चालली आहे तिच्याच काठची माणसे विस्थापित होत आहेत, ही जाणीव त्याखाली वाहत राहते. हे गीत गाणाऱ्याने त्या काठावर दिवस काढलेले आहेत, आणि ते ऐकू येते.

‘हिले ले’ हे गोरख पांडे यांच्या कवितेवर उभे आहे. ही भाषा शेतकऱ्या-मजुरांच्या तोंडची आहे. बँडने ती सभ्य करून घेतलेली नाही. शब्द जसे बोलले जातात तसेच सुरावर बसवले आहेत. ‘खजुराहो’ लांबीने मोठे आहे, आणि ज्यांना तीन मिनिटांच्या गाण्याची सवय आहे त्यांची ते परीक्षाच पाहते. माझ्या मते त्यात काही ठिकाणी वादकांनी स्वतःच्या कौशल्यावर मोहित होऊन रेंगाळणे पसंत केले आहे. ‘लीव्हिंग होम’ मात्र काटेकोर आहे. त्यातील गिटार घर सोडणाऱ्याच्या मनासारखी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहते. याच नावाने 2010 मध्ये या बँडवर एक माहितीपट निघाला.

आता मुख्य गीत. ‘कंदीसा’ हे पूर्व सिरियन परंपरेतील स्तोत्र. सिरियन भाषेतील ‘कद्दीशा’ हा शब्द केरळच्या उच्चारात ‘कंदीशा’ झाला आणि या बँडच्या तोंडी ‘कंदीसा’. अर्थ एकच, ‘पवित्र’. देवाला त्रिवार पवित्र म्हणून त्याच्याकडे दया मागणारी ही प्रार्थना पूर्वेकडील जवळजवळ सर्व ख्रिस्ती परंपरांत आहे. आपल्या लॅटिन विधीतही ती गुड फ्रायडेला क्रूसाच्या आराधनेच्या वेळी ग्रीक आणि लॅटिन भाषांत आळीपाळीने गायिली जात असे, आणि आजही तिला तेथे जागा आहे. दैवी दयेची जपमाळ म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणी तर ती रोज शेवटी तीनदा म्हणतात. म्हणजे ‘हे कोणते अगम्य गाणे’ असे विचारणारा कॅथलिक स्वतःच्याच घरातील वस्तू ओळखत नाही.

आणि नागपूरकरांना तर हे घर फारच जवळ आहे. सिरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत आपल्या शेजारी, बल्लारपूर येथे आहे. 1962 साली तो प्रथम स्थापन झाला आणि 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. विलक्षण गोष्ट अशी की याच 1962 साली त्या धर्मसभेच्या उपासनेत सिरियनच्या जागी मलयाळम भाषा आली. लोकांना कळेल अशा भाषेत उपासना व्हावी, हे योग्यच होते. पण त्यानंतर जुने सिरियन सूर पुढच्या पिढीच्या कानांवरून हळूहळू दूर गेले, आणि त्यांतील एक सूर देशभरातील तरुणांच्या ओठी बसवण्याचे काम दिल्लीच्या एका बँडने केले. हा बँड काही ख्रिस्ती भक्तिसंगीताचा नव्हे.

म्हणून पहिल्या पक्षाला माझे सांगणे आहे: या मंडळींनी स्तोत्र बाटवले नाही. आपण विसरत चाललो होतो ते त्यांनी उचलले. दोष असलाच तर तो ठेवा उघड्यावर टाकणाऱ्यांचा आहे. दुसऱ्या पक्षाला सांगणे असे की, तुम्हांला गाणे समजले, पण मिस्सा समजली नाही. मंचावरील ‘कंदीसा’त स्वर चढत जातो, वाद्ये भरत जातात, श्रोता डोलू लागतो. ते त्या मंचाचे यश आहे. मिस्सेत दया मागणारा मंचावर नसतो, तो बाकावर असतो. त्याच्या वतीने स्पीकरने दया मागितली तर ती मागणी कोणाची?

येथे आपल्या स्वतःच्या अल्बमकडे वळू. कोणत्याही धर्मग्रामातील मराठी मिस्सेची गाणी ओळीने मांडा आणि तीच कसोटी लावा. प्रवेशगीत: बहुधा एखाद्या इंग्रजी गाण्याचे भाषांतर. इंग्रजी चालीत जोर जेथे पडतो तेथे मराठीचा ऱ्हस्व स्वर येतो आणि तो ताणला जातो. मग ‘दया’ची ‘दाया’ होते आणि ‘पिता’चा ‘पीता’. नागपुरात, जेथे घराघरांत हिंदी कानांवर पडते, तेथे ‘पीता’चा अर्थ काय होतो हे सांगायला नको. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे दोरा, एवढाही भेद चाल बसवणाऱ्याला नसावा, आणि आपण प्रभूला मरियेचा दोरा म्हणून मोकळे व्हावे, हे कोणत्या भक्तीत बसते? प्रतिसाद स्तोत्र: भराभर वाचून टाकलेले, कारण त्याची चाल कोणाला येत नाही. अर्पणगीत: फोनवरून लावलेला तयार वाद्यसाथीचा तुकडा आणि त्यावर एकटी गायिका, तिच्या आवडीच्या पट्टीत. ती पट्टी लोकांना गाठता येत नाही म्हणून लोक गप्प. ख्रिस्तप्रसादगीत: पुन्हा तेच. समारोप: टाळ्यांचा ठेका, आणि लोक दाराबाहेर.

या अल्बमला आपण किती गुण देऊ? परके बँड प्रत्येक गाण्यासाठी कोणाच्या तरी दारी जाऊन शिकले. नदीकाठी गेले, कवीकडे गेले, जुन्या स्तोत्राकडे गेले. आपण मात्र जे हाताशी मिळाले ते तसेच वेदीसमोर ठेवले. पहिल्या फळांचे अर्पण करावे असे धर्मग्रंथ शिकवतो. संगीताच्या बाबतीत आपण उरलेसुरले अर्पण करत आहोत.

कोणी म्हणेल, हा तर अभिरुचीचा प्रश्न. नाही, हा धर्मसभेच्या शिकवणीचा प्रश्न आहे. 5 मार्च 1967 रोजी निघालेल्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनापत्राने मिस्सेतील गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीत धर्मगुरू आणि लोक यांचे परस्पर अभिवादन, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, ‘पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना. दुसरीत दयायाचना, गौरवगीत, श्रद्धासंगीकार. प्रवेशगीत आणि ख्रिस्तप्रसादगीत तिसऱ्या पायरीत. आणि पहिली पायरी वगळून वरच्या पायऱ्यांवर जाऊ नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आपण काय करतो? तिसऱ्या पायरीची चार गाणी थाटात गातो आणि पहिली पायरी पुटपुटतो. आपण मिस्सा गात नाही, मिस्सेच्या आजूबाजूला गातो. तयार ध्वनिमुद्रणाविषयी तर 3 सप्टेंबर 1958 च्या सूचनापत्रानेच सांगून ठेवले होते की उपासनाविधीत यंत्राने गायन-वादन करणे वर्ज्य आहे. तेव्हा ग्रामोफोन होता, आज फोन आहे. यंत्र बदलले, कारण बदलले नाही. प्रार्थना जिवंत माणसाने करायची असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानात आणखी एक गोष्ट सांगितली: ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान आणि स्थान द्यावे. मराठी माणसाला या वाक्याचे भाष्य करून सांगावे लागू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाने आपली ओवी शिकून घेतली, आणि आपण आपली ओवी टाकून परक्याची चाल उचलतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला अभंग आणि भजने दिली. ते प्रॉटेस्टंट होते म्हणून त्यांची भजने आपली नव्हेत, असे म्हणणाऱ्याने आपण जी इंग्रजी गाणी हौसेने गातो त्यांच्या रचनाकारांचे पंथ एकदा तपासावेत.

आणि विदर्भाचे म्हणावे तर, ज्यांचे नाव 2005 पासून नागपूर विद्यापीठाला आहे त्या तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावेच्या गावे गाती केली. त्यांच्याजवळ कीबोर्ड नव्हता, ध्वनियंत्रणेचे मिश्रण नव्हते. एक ओळ महाराज म्हणत, तीच ओळ सभा म्हणे. प्रतिसाद स्तोत्राची रचना याहून वेगळी कोठे आहे? मिस्सेच्या पुस्तकात जे लिहिले आहे ते विदर्भातील प्रत्येक खेड्याला करता येते, आणि आपल्या चर्चमध्ये ते जमत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: मुले फुकट राबतात, त्यांना नाउमेद करू नका. मुलांचा दोष नाहीच. त्यांना शिकवायला कोणी नेमले नाही, एकही पुस्तक हाती दिले नाही, आणि चुकले तर सांगितले नाही. न सांगणे हे प्रोत्साहन नव्हे, ती उपेक्षा आहे. दुसरा: बँड बंद केला तर तरुण येणार नाहीत. गिटार बंद करा असे मी म्हणत नाही. ‘कंदीसा’ची गिटार मी वाखाणली आहे. जी गिटार लोकांचा आवाज उचलून धरते ती ठेवा, जी झाकते ती खाली ठेवा. आणि जो तरुण केवळ मैफिलीसाठी येतो त्याला शहरात याहून चांगल्या मैफिली मिळतात. आपण त्या स्पर्धेत हरणारच आहोत. तिसरा: नागपुरात तामीळ, मलयाळी, गोवेकर, हिंदीभाषक, मराठी असे सर्वजण आहेत, मग मराठीचाच हट्ट का? तामीळ मिस्सेत तामीळ परंपरा ऐकू यावी, मराठी मिस्सेत मराठी, एवढाच हट्ट आहे. सर्वांसाठी म्हणून कोणाचेच नसलेले गाणे गाणे, याला ऐक्य म्हणत नाहीत.

मग करावे काय? प्रत्येक धर्मग्रामाने येत्या वर्षात प्रथम अभिवादने, ‘पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना मराठीत, सर्वांच्या पट्टीत गायला शिकावे. फोनवरची वाद्यसाथ वेदीपासून दूर ठेवावी. बारा गाणी निवडावीत, बाराच. पण त्यांचे शब्द मराठी जाणणाऱ्याने तपासलेले असावेत आणि ती आबालवृद्धांना पाठ व्हावीत. गावातील एखाद्या भजनी गायकाला, तो आपल्या धर्माचा नसला तरी, चार संध्याकाळी बोलावून खंजिरी आणि टाळ शिकून घ्यावेत. आणि या त्रैमासिकाने चित्रपटांची, पुस्तकांची परीक्षणे छापतो त्याच न्यायाने धर्मग्रामांत गायल्या जाणाऱ्या गीतांची परीक्षणेही छापावीत, गाण्यागणिक, नावानिशी आणि निर्भीडपणे. ज्यांना हा लेख कडवट वाटेल त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सेत डोळे उघडे ठेवून फक्त मोजावे: गायनवृंद सोडून बाकावरचे किती ओठ हलत आहेत? तो आकडा मोजल्यावर माझ्याशी वाद घालावा.