क्लच बदला, पण गिअरबॉक्स एकदाच उतरवा!

बँकेत 6,400 रुपये, दोन लेखांचं मानधन लटकलेलं आणि कामठ्यात बाबांच्या मारुती 800 चा क्लच गेलेला. फ्रीलान्सरचा वीकेंड म्हणतात तो हाच!

पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, काटा चाळीसवरच. आईला दर पंधरा दिवसांनी गोंदियाला दवाखान्यात न्यायचं ते याच गाडीतून. 'स्क्रॅप कर यार,' असा एका मित्राचा फोनवरून सल्ला. अरे, गाडी 2008 ची, 2023 मध्ये पाच हजार भरून पासिंग करून घेतलंय. 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, तरी तिचे पार्ट अजून मिळतात, तेही खिशाला परवडतील असे.

मिस्त्रीने आधी क्लचची वायर बघितली. ती फार ताणलेली असली, तर चांगली प्लेटसुद्धा घसरते. नट फिरवला की काम फुकटात होतं. आमचं एवढं नशीब कुठलं! मग हँडब्रेक ओढून, थर्ड गिअर टाकून त्याने क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते आरामात चालूच.

"फक्त प्लेट टाकली तर?" मी घासाघीस सुरू केली.

"काहून भाऊ? उद्या बेअरिंग गेलं तर पुन्हा अख्खा गिअरबॉक्स उतरवा लागन."

मुद्दा पटला. पार्टपेक्षा मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि मजुरी त्याचीच. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घेतला: 2,600. वायर आणि इंजिनची मागची ऑईल सील, 450. सील गळत असेल तर नव्या प्लेटवर तेल उडतं आणि महिन्याभरात पुन्हा तोच तमाशा. गिअर ऑईल 650, मजुरी 1,500. पैसे वाचले ते फ्लायव्हीलवर. त्यावर खोल चरे नव्हते, म्हणून लेथवर न नेता पॉलिश पेपरने घासून भागलं. (सेकंडहँड प्रेशर प्लेटही ऑफर झाली होती. पाचशे रुपयांसाठी तो जुगार मी खेळले नाही.)

एकूण 5,200. उरले बाराशे.

खरी पंचाईत पुढे होती. जुनी प्लेट दाखवत मिस्त्री म्हणाला, "पाय क्लचवरच राहते कोणाचा तरी." बाबा दुसरीकडे बघायला लागले. गुडघा दुखायला लागल्यापासून ते डावा पाय पेडलवरच टेकवून ठेवतात, हे मला माहीत होतं. ज्यांनी मला याच गाडीवर 'हाफ क्लच मारू नको' म्हणून झापलं, त्यांना हे सांगणार कसं?

परत येताना गाडी त्यांनीच चालवली. मी रस्त्याकडे कमी, त्यांच्या पायाकडे जास्त बघत होते. पुलाच्या अलीकडे ते म्हणाले, "बघू नको. खाली ठेवलाय."

काटा पन्नासवर गेला.