पुणे की नागपूर? तराजू आपला हवा!

थर्ड इयरचं दुसरं सेमिस्टर लागलं की आपल्या हॉस्टेलवर एकच विषय सुरू होतो. मेसमध्ये, गॅलरीत, सबमिशनच्या आदल्या रात्री... "पुणे की नागपूर?" मुंबईचं नाव फारसं कुणी घेत नाही, तिथल्या भाड्याच्या नुसत्या विचारानेच घाम फुटतो. कंपनीने बंगलोर, हैदराबादला पाठवलं तर गुपचूप जायचं, हे ठरलेलंच असतं. पण स्वतः निवडायची वेळ आली तर अमरावती-अकोल्याच्या पोरापोरींपुढे ही दोनच नावं असतात. आणि उत्तरही पाठ असतं : "पुणेच बे! नागपुरात काय ठेवलंय?"

मित्रांनो, या "काय ठेवलंय"वरच मला थोडं लिहायचं आहे. माझी मराठी कॉन्व्हेंटची आहे. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि हॉस्टेलवर हिंदी, अशी तिची खिचडी झालेली आहे, तेवढी सांभाळून घ्या.

पु. ल. देशपांडे यांनी, तुम्हाला कोण व्हायचंय असं विचारत, पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकर या तिघांची मस्त फिरकी घेतली आहे. वऱ्हाडकर त्यात नाही! म्हणजे वऱ्हाडकर व्हायला कुणी येत नाही, वऱ्हाडकराने फक्त कुठेतरी जायचं. मग निदान नीट विचार करून तरी जावं की नाही?

आधी पुण्याची बाजू मांडते, कारण ती भक्कम आहे. २०११च्या जनगणनेत पुणे महानगराची लोकसंख्या ५० लाखांच्या वर होती, नागपूरची २५ लाखांच्या आसपास. म्हणजे सरळ दुप्पट. पिंपरी-चिंचवडला टाटा मोटर्स आणि बजाज, चाकणला मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे सॉफ्टवेअरवाल्यांची जत्रा. याचा खरा फायदा पहिल्या नोकरीत नाही, दुसऱ्या नोकरीत आहे! जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपल्या कॉरिडॉरमध्येही शांतता पसरली होती. अशी पाळी आली तर पुण्यात त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीचं गेट असतं. रूम बदलावी लागत नाही, मेस बदलावी लागत नाही. नागपुरात मोठ्या आयटी कंपन्या बोटांवर मोजता येतात. हे कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता नागपूर. मिहानमध्ये टीसीएस आहे, एचसीएल आहे, टेक महिंद्रा, इन्फोसिस आहे. पर्सिस्टंट तर त्याच्याही आधीपासून नागपुरात आहे. फ्रेशर्सची मोठी भरती करणाऱ्या कंपन्या साधारण सगळ्यांना एकच पॅकेज देतात, शहर बघून देत नाहीत. मग तोच पगार घेऊन कॉट बेसिसवर चार जणांत एक बाथरूम, की मनीषनगरला दोघींत एक रूम-किचन, हा हिशोब आपणच करायचा.

वेळेचंही तेच. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावली, पुण्याची मार्च २०२२ मध्ये. गंमत म्हणजे पुण्याचे पहिले दोन मार्ग ज्या महामेट्रोने बांधले, तिचं मुख्यालय नागपुरात आहे! हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कुठल्याही सिनिअरला फोन करा. दोन मिनिटं कामाबद्दल बोलतील आणि दहा मिनिटं भूमकर चौकातल्या ट्रॅफिकबद्दल.

आणि पाणी! नळ किती दिवसांआड येतो यावर ज्यांच्या घरी धुण्याचं वेळापत्रक ठरतं, त्या अकोल्याच्या मुलीला पाण्याबद्दल कुणी शिकवू नये. पुण्याच्या डोक्यावर चार धरणं आहेत, तरी वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न रोज पेपरात होता. अर्थात नागपूरही काही स्वर्ग नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरलं होतं. उन्हाळा तर विचारूच नका. पण मे महिन्यात अकोल्यात वाढलेल्या माणसाला नागपूरचं ऊन काय घाबरवणार?

इतकं सगळं मांडून झालं तरी मला वाटतं, आपण मुख्य गोष्ट मोजतच नाही. ती म्हणजे घर. बाबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. मी एकुलती एक. रात्री फोन आला तर मी सकाळी कुठे असेन, हा प्रश्न कुठल्याच ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये येत नाही, पण माझ्यापुढे तो आहे. अकोला-नागपूर अडीचशे किलोमीटर, हावडा-मुंबई मेन लाइन, दिवसभर गाड्या. पुणे म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, आणि दिवाळीत तिचं भाडं ऐकून घरी जाण्याची इच्छाच मरते. ऑगस्ट २०२५ पासून नागपूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, बडनेरा आणि अकोल्याला थांबते, चांगलीच सोय झाली. पण तीही नागपूरहून पुण्याला बारा तास घेते. रेल्वे वेगवान झाली, म्हणून पुणे जवळ आलं असं नाही!

यावर सगळे सिनिअर एकच उत्तर देतात. "आधी पुणे. तीन वर्षं अनुभव घेऊ, मग नागपूरला परत येऊ." माझा मुद्दा नेमका इथेच आहे. परत येतं कोण? तीन वर्षांत पगार वाढतो, मग रावेतला किंवा वाघोलीला फ्लॅट बुक होतो, मग वीस वर्षांचा ईएमआय. लग्न होतं, जोडीदाराची नोकरी तिथलीच असते. मग मुलांची ॲडमिशन. पुण्याहून नागपूरला यायचं म्हणजे एकदम दोन नोकऱ्या, एक शाळा आणि एक कर्ज हलवायचं. उलट नागपूरहून पुण्याला जायला काय लागतं? एक सॅक आणि एक तिकीट. पुण्याचं दार बाविसाव्या वर्षी उघडं असतं, तसंच पंचविसाव्या वर्षीही असतं. उलट अनुभव घेऊन गेलात तर जास्त उघडं असतं. म्हणून ज्या शहरातून दुसऱ्या शहराचा रस्ता मोकळा राहतो, ते शहर आधी निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, नागपुरातही पाय रुततीलच की! रुतू देत ना. तिथे रुतले तरी घर चार तासांवर आहे.

यात तोटा आहे, तो मी लपवत नाही. सुरुवातीच्या वर्षांत माणूस सगळ्यात जास्त शिकतो, आणि पुण्यात शिकवणारे, भेटणारे, स्पर्धा करणारे लोक जास्त आहेत. ज्यांच्या घरी भाऊ-बहीण जवळ आहेत, आईवडील धडधाकट आहेत, त्यांनी खुशाल पुण्याला जावं. ज्या मेकॅनिकलवाल्यांना गाड्याच बनवायच्या आहेत, त्यांच्यासाठी चाकणला पर्याय नाही. पण इलेक्ट्रिकलवाल्यांनी कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, बाकीच्यांनी बुटीबोरी एमआयडीसी नुसती बघितली तरी आहे का? आपली इंडस्ट्रियल व्हिजिट दरवर्षी पुणे-लोणावळ्याला जाते (लोणावळ्यात कुठली इंडस्ट्री आहे, हे सरांनाच ठाऊक!). ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांना विनंती आहे की यंदा एक बस मिहान आणि बुटीबोरीला न्या. न बघताच नापास करण्याची पद्धत निदान इंजिनिअरिंगमध्ये तरी नसावी.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. वऱ्हाडातला माणूस मोठ्या कामाला पूर्वेकडे जायचा. मग राजधानी मुंबईला गेली आणि आपल्या सगळ्या गाड्यांची तोंडं पश्चिमेकडे वळली. ती वळली म्हणून आपणही डोळे मिटून बसायचं का? पुण्याला जा, नागपूरला जा, पण "सगळे जातात म्हणून" जाऊ नका. एका कागदावर आपल्या घरची माणसं लिहा, आपली ब्रँच लिहा, नोकरी गेली तर किती महिने काढता येतील ते लिहा, आणि मग ठरवा.

मी माझा कागद लिहिला. प्लेसमेंटच्या फॉर्मवर पसंतीच्या पहिल्या रकान्यात नागपूर लिहिणार आहे, दुसऱ्यात पुणे. रूममेटने बरोबर उलटं ठरवलंय, आणि तिची कारणंही मला पटतात, कारण ती तिची स्वतःची आहेत. तुमची कोणती? मेसमध्ये भेटलात की सांगा!