भुताची गोष्ट आणि पुराव्याची सवय

रहस्यकथेत अद्भुत मिसळले की अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप मला मान्य नाही. कॉनन डॉयलच्या १९०२ च्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये शापित वाटणाऱ्या श्वानाच्या तोंडावरील फॉस्फरस वॉटसन ओळखतो; नारायण धारपांचा ‘समर्थ’ मात्र अमानवी शक्तींशीच झुंजतो. दोहोंचा आस्वाद घेणारा विद्यार्थी कल्पित आणि वास्तव यांतील सीमारेषा जाणू लागतो. जव्हार-मोखाड्यात सर्पदंशानंतर भगताकडे जावे की रुग्णालयात, या निर्णयात ही जाण प्राण वाचवू शकते. केवळ परंपरा म्हणून न स्वीकारता पारखून घ्यावे, हाच तथागतांचा कालामांना उपदेश होता. म्हणून वसतिगृहाच्या ग्रंथालयात धम्मग्रंथांशेजारी रहस्यकथाही असाव्यात. मुलांनी भुताच्या गोष्टीत मनसोक्त रमावे. पुस्तक मिटल्यावर मात्र पुरावा मागावा.